विषय : ‘अदर’ महाविद्यालयातून पदवी मिळाल्याबाबत

प्रति,
मा. यादीबाई,
नोकरभरती विभागाच्या संगणकातली वरून चौथी एक्सेल फाइल,
वांद्रे-कुर्ला संकुल, मुंबई.

संदर्भ : आपले रात्री २ वाजून १४ मिनिटांनी आलेले पत्र, ज्यात ‘तथापि’ हा शब्द आहे.

महोदया,

यादी स्त्रीलिंगी, म्हणून महोदया. तुम्हाला डोळ्यांनी पाहिलेलं कुणी भेटत नाही, पण तुम्ही आहात यावर सगळ्यांची श्रद्धा आहे. आमच्याकडे एवढी श्रद्धा टेकडीच्या गणपतीवर असते. फरक इतकाच, की तो रांगेतल्या प्रत्येकाला दर्शन देतो.

ओळख करून देते. अर्जदार मूळची सक्करदरा, नागपूर. हल्ली मुक्काम अंधेरी पूर्व, तिघींत एक कपाट. शिक्षण बी.कॉम., सीए फायनलचा एक ग्रुप राहिलेला (आईला सांगू नका). २०१९ च्या उन्हाळ्यात एका मोठ्या इन्व्हेस्टमेंट बँकेत अ‍ॅनालिस्ट होण्यासाठी मी अर्ज भरायला बसले, तेव्हा आपली पहिली भेट झाली. ‘महाविद्यालय निवडा’ असं लिहिलेल्या चौकटीवर क्लिक केलं आणि तुम्ही पडद्यासारख्या खाली उलगडलात. अहमदाबाद, बंगळूर, कोलकाता, दिल्लीची दोन-तीन, आयआयट्या, मुंबईची मोजकी. खाली सरकत गेले. ‘न’पाशी काही नव्हतं. तळाला एकच शब्द होता : ‘अदर’. पंधरा-वीस नावं तुम्ही आणि उरलेला भारत तो.

‘अदर’ निवडलं तर शेजारी आणखी एक चौकट उघडली. ‘कृपया नमूद करा.’ आता आमच्या विद्यापीठाचं नाव आहे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ. इंग्रजीत मोकळ्या जागा धरून या नावाची ४६ अक्षरं होतात. तुमच्या चौकटीत बसतात ३०. मी टंकत गेले आणि तिसाव्या अक्षराला कर्सर जो थांबला तो हलेना. नाव झालं ‘राष्ट्रसंत तुकडोजी महाराज एन’. तुमच्या दफ्तरी मी आजही महाराज एन यांच्याकडे शिकलेली आहे. संगीत शिकले असावे, असं वाटतं.

घरी वेगळाच घोळ होता. बाबांना इन्व्हेस्टमेंट बँक म्हणजे बँकच वाटायची. ‘बँकेतच लागाचं आहे तं आयबीपीएसची परीक्षा दे न! लोकं देऊनच राह्यले. हे मधातलं इन्व्हेस्टमेंट काय म्हनते?’ मी त्यांना सांगायची की इथे पासबुक नसतं, काउंटर नसतो. एका कंपनीला दुसरी विकत घ्यायची असते, कुणाला बाजारात शेअर काढायचे असतात, कुणाला भागीदार हवा असतो. ती स्थळं जुळवायची, दोन्हीकडची माहिती नीट मांडायची, किंमत किती हे सांगायचं, बोलणी फिसकटू द्यायची नाहीत. आई आतून म्हणाली, ‘म्हणजे वधूवर सूचक मंडळ.’ बाई, इतकी नेमकी व्याख्या मला पुढे कुठल्याच पुस्तकात सापडली नाही. लगेच तिचा पुढचा प्रश्न आला : ‘मग फी बरी घेत असतील?’ हेही बरोबर.

आता अनुभवाचं. तुमच्या अर्जात ‘संबंधित अनुभव’ असा रकाना होता. सकाळी सातला कॉलेज, साडेदहापासून इतवारीत एका सीएंच्या कार्यालयात आर्टिकलशिप, असे तीन वर्षं माझे दिवस गेले. त्यातले मार्च अखेरचे दिवस कळमन्यात. तिथल्या एका गोदामात आम्हाला वर्षाअखेरचा साठा मोजायला पाठवलं होतं. साठा सुक्या मिरचीचा. तोंडाला ओला रुमाल, डोळ्यांतून धारा, हातात पॅड. व्यापाऱ्यानं थप्पी दाखवली, लांबीला बारा, रुंदीला नऊ, उंचीला अकरा. गुणाकार करा आणि चहा प्या, असं त्याचं म्हणणं. माझ्याबरोबरचा सीनियर शिंकून शिंकून बाहेर गेला होता. मी हमालकाकांना शिडी मागितली. ते म्हणाले, ‘पोरी, वर कोनी चढत नाही.’ चढले. वरच्या थराची मधली दोन पोती बाजूला केली तर आत विहीर. बाहेरून भिंत पोत्यांची, मध्ये हवा. व्यापाऱ्यानं काय खुलासा केला तो इथे देत नाही, फार सुंदर होता.

तर हे मी ‘संबंधित अनुभव’ म्हणून लिहिलं. तुमच्याकडे याला ड्यू डिलिजन्स म्हणतात आणि ते वातानुकूलित खोलीत, डेटा रूम नावाच्या फोल्डरमध्ये होतं, हे मला नंतर कळलं. त्यात शिंका येत नाहीत.

तुमच्याविषयी मी पुढे बरंच वाचलं. लॉरेन रिवेरा नावाच्या अमेरिकेतल्या प्राध्यापक बाईंनी २०१५ साली ‘पेडिग्री’ नावाचं पुस्तक लिहिलं. बड्या बँका, सल्लागार कंपन्या, वकिलांच्या पेढ्या माणसं कशी निवडतात, हे त्यांनी आत शिरून पाहिलं. यादीतल्या विद्यापीठांत साहेब लोक स्वतः जातात, मुलांना जेवायला नेतात. यादीबाहेरच्यांचे अर्ज वेगळ्या वाटेनं येतात आणि बहुतेक वेळा त्या वाटेवरच राहतात. मुलाखत घेणाऱ्यांची म्हणे एक विमानतळाची कसोटी असते : विमान रखडलं, या उमेदवाराबरोबर विमानतळावर अडकून पडलो, तर वेळ बरा जाईल का?

बाई, मी विमानात पहिल्यांदा बसले ती वयाच्या पंचविसाव्या वर्षी. माझी कसोटी घ्यायचीच तर भुसावळला घ्या. मे महिना, विदर्भ एक्सप्रेस तीन तास लेट, स्लीपरचा डबा, पंखा फिरतोय पण वारा दुसऱ्या कुणाला लागतोय. माझ्या डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लोणचं असतं, पत्त्यांचा जोड असतो, आणि बडनेऱ्यापर्यंत समोरच्या काकूंच्या सुनेची जन्मकथा मला पाठ झालेली असते. तुमच्या साहेबांचा वेळ इतका बरा जाईल की ते गाडी सुटल्यावर हळहळतील.

पण तुमचा खरा गुण वेगळा आहे. लोकांना वाटतं, तुम्ही हुशारी मोजता. छे! तुम्ही वेळ वाचवता. कुणी तरी कधी तरी दोन-तीन तासांच्या प्रवेश परीक्षेची चाळण आधीच मारून ठेवलेली असते. तुम्ही ते चाळलेलं पीठ उचलता आणि जातं स्वतः ओढल्याच्या आविर्भावात हात झटकता. त्यात नागपूरचं पोरगं सतराव्या वर्षी कोट्याला गेलं नसेल, बाविसाव्या वर्षी नोकरी करत करत कॅटला बसलं असेल, तर ते कायमचं भरड.

आणि गंमत म्हणजे विदर्भाचं तुम्हाला वावडं मुळीच नाही. तुमच्यात मुंबईचं जे जमनालाल बजाज नाव मानानं वरच्या ओळीत आहे, त्या संस्थेची सुरुवात मुंबई विद्यापीठानं १९६५ साली केली. पण ते जमनालालजी कुठले? कर्मभूमी वर्धा, आमच्यापासून पाऊण तासाच्या गाडीवर. नाव वर्ध्याहून गेलं, त्याला कुणी ‘कृपया नमूद करा’ म्हटलं नाही. त्याच वर्ध्यातून बी.कॉम. झालेली मुलगी मात्र ‘अदर’. म्हणजे आमची माणसं तुम्हाला चालतात, फक्त ती पाटीवर रंगवलेली हवीत.

दुसरं नाव सांगते. १९३८-३९ च्या सुमारास निजामाच्या हैदराबादेत वंदे मातरम् म्हटलं म्हणून विद्यार्थ्यांना काढून टाकलं, तेव्हा त्या पोरांना दार उघडलं ते नागपूर विद्यापीठानं. त्यांच्यातच पी. व्ही. नरसिंह राव होते. पुढे कायदाही ते नागपुरातच शिकले. १९९१ साली पंतप्रधान झाल्यावर त्यांनी देशाचे दरवाजे उघडले आणि १९९२ साली सेबीला कायद्याचं बळ मिळालं, म्हणून तर परदेशी पाट्यांची तुमची काचेची इमारत उभी आहे. ते आज अर्ज करते तर तुमच्या चौकटीत कुठे बसले असते, सांगा बरं? रावांना मराठी उत्तम येत असे. हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’ या कादंबरीचा त्यांनी तेलुगूत अनुवाद केला होता. बायोडेटा पाठवून झाल्यावर आमच्याकडची मुलं काय म्हणतात, ते त्या मुखपृष्ठावर छापलेलंच आहे.

शरद बोबडे याच विद्यापीठातून १९७८ साली एलएल.बी. झाले आणि २०१९ साली, म्हणजे ज्या वर्षी तुम्ही मला ‘तथापि’ लिहिलंत त्याच वर्षी, देशाचे सरन्यायाधीश झाले. संविधानाचा अर्थ लावायला हे विद्यापीठ पुरतं. पॉवरपॉइंटमधला लोगो दोन मिलिमीटर डावीकडे सरकवायला कमी पडतं.

तुम्ही म्हणाल, नागपूरला आता आयआयएम आहे की! आहे. २०१५ मध्ये सुरू झालं, मिहानमधला परिसर २०२२ साली राष्ट्रपतींच्या हस्ते सुरू झाला. फार देखणा आहे. विमानतळही त्याच बाजूला. त्यामुळे तुम्ही कधी आलातच, तर विमानातून उतरून मुलं निवडून परत विमानात बसू शकाल. बर्डीपर्यंत यायची तसदी नको. तुमच्याकडे प्लेसमेंटच्या पहिल्या मानाच्या दिवसाला ‘डे झिरो’ म्हणतात. आमच्याकडे ‘झिरो माइल’ आहे. चार घोडे, एक दगडी खांब, आणि हा म्हणे भारताचा मध्य. तिथून सगळ्या गावांची अंतरं मोजतात, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. वांद्रे-कुर्ला संकुलाचं मोजायचं राहिलंय वाटतं.

पैसा मात्र हे अंतर न मोजता येतो. हल्दीरामचं बघा. नागपूरचं घराणं आणि दिल्लीचं घराणं यांचा खाऊचा धंदा एक झाला, आणि २०२५ साली सिंगापूरच्या टेमासेकनं त्यात सुमारे १० टक्के हिस्सा घेतला. कंपनीची किंमत धरली गेली सुमारे १० अब्ज डॉलर. अशा सौद्यात पहिली बैठक ते शेवटची सही यांमध्ये मध्यस्थांच्या किती फेऱ्या होतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. आमच्याच सोलर इंडस्ट्रीजनं तर २००६ सालीच शेअर बाजार गाठला. म्हणजे नागपूरची भुजिया चालते, नागपूरची सुरुंगाची दारू चालते. नागपूरची पोरगी तेवढी स्फोटक.

असो. भुजियावरून आठवलं, मी जेवले नाहीये.

तुमच्या बाजूनं एक गोष्ट मान्य करते. तुम्ही सुधारता आहात असं अधूनमधून छापून येतं. गोल्डमन सॅक्सनं २०१६ साली जाहीर केलं, की अमेरिकेतल्या बड्या विद्यापीठांत जाऊन पहिली फेरी घेणं बंद. सगळ्यांची मुलाखत व्हिडिओवर. मग ती पद्धत सगळीकडे झाली आणि एका बँकेमार्फत माझ्यापर्यंतही आली. समोर माणूस नाही. पडद्यावर प्रश्न उमटतो, विचाराला तीस सेकंद, उत्तराला दोन मिनिटं. दुपारी तीनची वेळ, बाहेर ४५ अंश. कूलरचा आवाज रेकॉर्ड होतो म्हणून तो बंद. बाबा दाराबाहेर स्टुलावर राखणीला. तिसरा प्रश्न आला : ‘बंद पडत आलेल्या कंपनीची किंमत तुम्ही कशी काढाल?’ मी श्वास घेतला, आणि खिडकीखालून सणसणीत आवाज आला, ‘लोहाऽऽ, टिनाऽऽ, प्लास्टिक, रद्दीऽऽ, भंगार!’

बाई, उत्तर त्यानंच दिलं होतं. त्याच्यापेक्षा नेमकं मी पुढच्या दोन मिनिटांत काही बोलले नाही. कंपनी चालणार नसेल तर शेवटी यंत्र वजनावर जातं, त्याला पुस्तकात लिक्विडेशन व्हॅल्यू म्हणतात. तुमच्या यंत्राला तो विनोद कळला नसावा. रात्री २ वाजून १४ मिनिटांनी पत्र आलं : आपली पार्श्वभूमी प्रभावी आहे, तथापि.

मग मी सगळे करतात ते केलं. अनोळखी लोकांना मेल. याला कोल्ड मेल म्हणतात. नागपुरात मे महिन्यात कुठलीच गोष्ट कोल्ड नसते, पण मी कूलरसमोर बसून ११८ पाठवल्या. ९ उत्तरं आली, त्यातली ५ ‘मी रजेवर आहे’ अशी आपोआप आलेली. एका गृहस्थांनी फोन केला. पहिला प्रश्न, ‘नागपुरात कुठे?’ सक्करदरा म्हटल्यावर म्हणाले, ‘आम्ही महालातले.’ त्यांनी वीस मिनिटं मला ताळेबंदावर सोलून काढलं आणि शेवटी एकच सांगितलं : कोर्सवर पैसे घालू नकोस, डीआरएचपी वाच.

शेअर काढण्यापूर्वी कंपनीला सेबीकडे जो मसुदा द्यावा लागतो, तो हा. चार-पाचशे पानं, सेबीच्या संकेतस्थळावर फुकट. त्यातला जोखमींचा भाग तर रात्री झोपताना वाचावा असा. कंपनी स्वतःच्या तोंडानं सांगते की आमचा अर्धा माल एकाच गिऱ्हाईकाकडे जातो, आमच्या संचालकावर खटला चालू आहे, कारखान्याच्या जागेचा करार संपत आलाय. मुलाकडच्यांनी पत्रिकेतला मंगळ स्वतःच ठळक अक्षरांत छापून पाठवावा, तसं. मी असे तीस-पस्तीस मसुदे वाचले, त्यांतल्या आकड्यांवर स्वतःची मॉडेलं बांधली. त्यांतली दोन त्या महालातल्या काकांनी पुढे कुणाला तरी दाखवली. तिथून मी एका छोट्या मर्चंट बँकेत लागले. आम्ही लहान कंपन्यांचे शेअर काढतो. त्यांच्यासाठी दोन्ही शेअर बाजारांनी २०१२ पासून वेगळी दालनं उघडली आहेत. आमची गिऱ्हाईकं पाइप बनवतात, कापूस पिंजतात, ट्रान्सफॉर्मर गुंडाळतात, आणि अजूनही मी कधी कधी गोदामात शिडी मागते.

तास किती, विचारू नका. २०२१ साली गोल्डमनच्याच १३ नवख्या अ‍ॅनालिस्टांनी पाहणी करून साहेबांना दाखवलं होतं, की आठवड्याला सरासरी ९५ तास काम होतंय आणि झोप पाच तास. ते वाचून बाबा म्हणाले, ‘यासाठी रडत होती का वं तू?’ मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही.

इथवर पत्र ठीक चाललं होतं. पण हे लिहायचं खरं कारण गेल्या महिन्यातलं आहे, आणि ते सांगताना माझी मान थोडी खाली आहे.

आम्हाला दोन इंटर्न हवे होते. अर्ज आले ३४०. साहेब म्हणाले, वीस काढ, सोमवारी सकाळी दे. तो शुक्रवार होता, संध्याकाळचे साडेसहा, आणि सीएसएमटीहून रात्रीची दुरांतो पकडून मला घरी जायचं होतं. मी फाइल उघडली. कंट्रोल, शिफ्ट, एल. एल म्हणजे लिस्टच असावं. कॉलेजच्या रकान्यावर बाण आला, मी खूण काढत गेले, ठेवत गेले. अहमदाबाद ठेवलं. दिल्लीचं श्रीराम कॉलेज ठेवलं. बजाज ठेवलं. खाली गेले, ‘अदर’वरची खूण काढली. बोट अडखळलं असं म्हटलं तर बरं दिसेल, पण नाही अडखळलं. चार मिनिटांत एकतीस नावं उरली. गाळलेल्या ओळी एक्सेल पुसत नाही, नुसत्या झाकतं. डावीकडचे आकडे मात्र निळे पडतात आणि उड्या मारतात : सातनंतर एकदम एकोणीस, एकोणीसनंतर चौपन्न. त्या निळ्या आकड्यांकडे मी पाहिलं, फाइल बंद केली आणि टॅक्सी बोलावली.

कसाऱ्याचा घाट चढताना झोप येईना म्हणून फोनवर तीच फाइल उघडली आणि खुणा परत लावल्या. ओळ क्रमांक २१२. राहणार गोंदिया. अर्जाबरोबर त्यानं स्वतः काढलेला एक हिशेब जोडला होता : गोंदियातल्या चौदा भातगिरण्या, प्रत्येकीत जाऊन विचारलेले आकडे, धान खरेदीपासून तांदळाचे पैसे हातात पडेपर्यंत किती दिवस भांडवल अडकतं ते. एका गिरणीचा ताळेबंद दोनशे रुपयांनी जुळत नव्हता आणि त्यानं खाली प्रामाणिकपणे लिहिलं होतं, ‘मालकांनाही माहीत नाही’. मी कॉलेजचा रकाना पाहिला. आमचा अर्ज आम्ही कुठल्या तरी मोठ्या बँकेच्या नमुन्यावरून उचलला असणार, चौकटीसकट. तिथे लिहिलं होतं, ‘राष्ट्रसंत तुकडोजी महाराज एन’.

सोमवारी साहेबांना बावीस नावं दिली. वीस मागितली होती म्हणून बोलणी खाल्ली. दुपारी त्या मुलाला फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला, बंद. साडेपाचला मेसेज आला :

‘गुड इव्हनिंग सर. पेपर चालू होता सर. आता बोलू शकतो सर.’

कळावे,
आपली,
महाराज एन